रिकामी बरणी

काचा धुवायला ठेवलं होतं मला.
महिना तीस क्रोन, दुपारी कोबीचं सूप.
डॉक्टर लेइदा राउडकेप पहिल्या दिवशी एवढंच बोलल्या,
"स्वच्छ झाली असं वाटलं, की आणखी एकदा धू."

पुढे हातात पातं आलं.
ताजा मेंदू असतो खरवसासारखा,
बरणी हलली की थरथरणारा.
औषधात मुरवायचा, मग कापायचा
कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ,
आणि चांदीच्या पाण्यात सोडायचा.
चांदीनं बोटं काळी होतात, हे मला तार्तूत कळलं.
पाववाली माझ्या हातून नाणी घेईना.
फळीवर ठेव, म्हणायची.

शनिवारी पेइप्सी सरोवराकडे.
एकच लांब रस्ता, दोहों बाजूंना घरं, मागे कांद्याचे वाफे,
जुन्या पंथाची रशियन माणसं,
दाढीला कात्री न लावणारी.
त्यांतली काही कोरड्या जमिनीवर चालायची
होडीत उभं असल्यासारखी, पाय फाकून.
सरोवर अंगात शिरलंय, गाव म्हणे.
दारू, म्हणे शहरातला दवाखाना.
बाई काहीच म्हणत नसत.

वडिलांचा नादकाटा होता त्यांच्याकडे
(ते चर्चचे ऑर्गन जुळवत जन्मभर हिंडले).
तो गुडघ्यावर आपटून
त्याचं बूड टेकवायच्या म्हाताऱ्या येव्स्ताफीच्या घोट्यावर.
"वाजतंय?"
"नाही."
"आता?"
"नाही."
मग त्याच्या नातवाच्या घोट्यावर.
तेरेन्ती, नऊ वर्षांचा, धावण्यात गावात पहिला.
"वाजतंय?"
"काय वाजायला हवं?" त्यानं विचारलं.
बाईंनी वही मिटली. बराच वेळ उघडली नाही.

नऊ हिवाळे असे.
कागदावर घराण्यांची झाडं, मुळं वर, फांद्या खाली,
आणि जिथे पाय डगमगले तिथे एक काळा ठिपका.

येव्स्ताफीनं सही करून दिली होती:
"मेल्यावर डोकं न्या.
मला तरी त्याचा कुठं उपयोग झाला?"
बरणी तयार होती. चिठ्ठी चिकटवलेली. एक्केचाळीस.
फेब्रुवारीत तो गेला. बर्फावरून स्लेजनं आम्ही पोचलो.
दारात त्याची लेक फेव्रोनिया, हात पसरून.
"देवापुढे बापाला अर्धा उभा करू?"
कागद बाईंच्या खिशात होता. खिशातच राहिला.
त्यांनी बूट काढले, भिंतीशी बसल्या,
रात्रभर स्तोत्रं ऐकली, भाषा येत नसताना.
सकाळी परतलो कांद्याची एक वेणी घेऊन.
मी वाटभर बोलले नाही.
पात्याला तीनदा धार लावली होती मी.

निबंध बर्लिनला गेला. त्यात एक ओळ होती:
"एक्केचाळिसावा मेंदू त्याच्या मालकाकडे आहे."
संपादकांनी खोडली. बाईंनी परत लिहिली. परत खोडली.
शेवटी तळाला, बारीक टाइपात, उरली.
रोगाला तुमचं नाव देऊ, ते म्हणाले.
नको.
मग गावाचं?
"मुळीच नको. तिथल्या पोरींची लग्नं अडतील."
म्हणून त्याला अजून नुसता आकडा आहे.

आणि मग तेरेन्ती आला, अठरा वर्षांचा,
टेकडीच्या पायऱ्या कठड्याला धरून,
दोन पायांत एक होडी मावेल एवढं अंतर.
तपासायला पाय पुढे केला नाही त्यानं.
नादकाटा मागितला, टेबलावर आपटला,
आणि खाली वाकून, तोल सावरत,
माझ्याच घोट्यावर टेकवला.
"सांगा," म्हणाला. "कसं असतं ते?"

नऊ वर्षांत हे कुणी कुणाला विचारलं नव्हतं.
बाई दारात उभ्या, वही बंद.
मी म्हणाले, मधमाशी... नाही.
लांबची घंटा... तीही नाही,
घंटा थांबल्यावर दोराला जे उरतं,
आणि दोर सोडला तरी तळव्याला,
ते.

त्यानं डोळे मिटले होते.
"हं," म्हणाला. "पुढे?"